संघात कोण? ऑल ब्लॅक्स, माओरी खेळाडू आणि निवडीचा अर्धशतकी वाद

१/१८
राष्ट्रीय संघ हरला की त्या रात्री घराघरांत निवड समिती बसते. कोणाला वगळावे, कोणाला आणावे, कर्णधाराचे कुठे चुकले, यावर आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांची मते तयार असतात. आपल्याकडे हे क्रिकेटच्या बाबतीत घडते, न्यूझीलंडमध्ये रग्बीच्या. तेथे पंधरा नावांची यादी हा शंभराहून अधिक वर्षे जाहीर वादाचा विषय आहे. अशा प्रत्येक यादीमागे एक गृहीतक दडलेले असते : देशात जो उत्तम खेळतो, तो निवडीसाठी उपलब्ध असतो. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यांपुरते हे गृहीतक न्यूझीलंडमध्ये जवळजवळ अर्धशतक खोटे होते. त्या काळात रसिकांनी आपल्या संघाची पारख कशी केली आणि तो वाद मैदानाबाहेर कसा गेला, हे या थ्रेडमध्ये पाहू.

२/१८
आधी थोडी पार्श्वभूमी. न्यूझीलंडच्या रग्बीत माओरी हे मागाहून आलेले पाहुणे नव्हते. १८८८-८९ मध्ये 'न्यूझीलंड नेटिव्ह' नावाचा, बहुसंख्य माओरी खेळाडूंचा संघ ब्रिटनला गेला. परतीच्या सामन्यांसह त्याने तब्बल १०७ सामने खेळले. त्यांचा पोशाख काळा होता आणि त्यावर नेच्याचे रुपेरी पान होते. या संघातला टॉम एलिसन पुढे वकील झाला. १८९३ मध्ये राष्ट्रीय संघाने हाच पोशाख घ्यावा, असा प्रस्ताव त्याने नव्या रग्बी युनियनपुढे मांडला, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाला गेलेल्या युनियनच्या पहिल्या संघाचे नेतृत्वही केले. ज्या पोशाखावरून 'ऑल ब्लॅक्स' हे नाव रूढ झाले, तो अशा रीतीने माओरी खेळाडूंच्या हातून राष्ट्राकडे आला.

३/१८
आता एका खेळाडूचे टोपणनाव पाहा : 'रणजी'. नॅथॅनिएल विल्सन हा न्यूझीलंडचा दमदार फॉरवर्ड. आई इंग्रज, वडिलांकडून वेस्ट इंडियन रक्त. सावळ्या वर्णामुळे सवंगड्यांनी त्याला आपल्या रणजितसिंहांचे नाव बहाल केले. १९०८ ते १९१४ या काळात तो ऑल ब्लॅक्सकडून खेळला. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये न्यूझीलंडच्या लष्करी संघाने ब्रिटनमधील किंग्ज कप जिंकला आणि मायदेशी परतताना दक्षिण आफ्रिकेत सामने खेळले. विल्सन त्या विजयी संघात होता. दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर मात्र वर्णामुळे त्याला खेळू दिले गेले नाही. ज्या वर्णाचे मायदेशी लाडके टोपणनाव झाले होते, त्यानेच तेथे त्याचा रस्ता अडवला.

४/१८
१९२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ, म्हणजे स्प्रिंगबॉक, प्रथमच न्यूझीलंडला आला. कसोटी मालिका १-१ अशी बरोबरीत सुटली. तिसरा सामना ०-० असा संपला. रग्बीचा विश्वचषक सुरू होण्यास अजून ६६ वर्षे होती, त्यामुळे या दोन देशांतील मालिका हेच दोन्हीकडच्या रसिकांच्या लेखी जागतिक अजिंक्यपद ठरले. याच दौऱ्यात नेपिअर येथे पाहुणे माओरी संघाशी खेळले आणि जेमतेम ९-८ असे जिंकले. दक्षिण आफ्रिकेच्या एका वार्ताहराने मायदेशी तार पाठवली. गोऱ्या संघाविरुद्ध गोरे प्रेक्षक माओरींना प्रोत्साहन देतात, याची त्याने त्या तारेत किळस व्यक्त केली होती. तारेतील मजकूर फुटला, न्यूझीलंडच्या वृत्तपत्रांत छापून आला आणि संताप उसळला.

५/१८
संताप उसळला, पण तो धोरणात उतरला नाही. याचा पुरावा म्हणजे जॉर्ज नेपिया. १९२४-२५ च्या दौऱ्यात ऑल ब्लॅक्स ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स आणि कॅनडात ३२ सामने खेळले आणि सर्व जिंकले. हा संघ 'इन्व्हिन्सिबल्स', म्हणजे अजिंक्य, म्हणून इतिहासात गेला. त्याचा फुलबॅक होता एकोणीस वर्षांचा माओरी तरुण नेपिया. फुलबॅक म्हणजे बचावाची शेवटची भिंत. उंच आलेला चेंडू झेलायचा, धावत आलेल्याला आडवे करायचे आणि लांब लाथेने खेळ पुन्हा उलट दिशेला न्यायचा, ही त्याची कामे. ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समधील प्रत्येक सामन्यात संघाने त्यालाच उभे केले. दुसरा फुलबॅक आजमावण्याची गरजच कोणाला वाटली नाही.

६/१८
१९२८ मध्ये ऑल ब्लॅक्स प्रथमच दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले. संघात नेपिया नव्हता. अजिंक्य संघातला दुसरा माओरी खेळाडू, हाफबॅक जिमी मिल, हाही नव्हता. त्यांचा खेळ ओसरला होता काय? नेपिया १९२९ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेला आणि १९३० मध्ये ब्रिटिश संघाविरुद्धच्या कसोटी मालिकेतही खेळला. म्हणजे १९२८ ची अनुपस्थिती खेळाच्या निकषावर समजावून सांगता येत नाही. यजमानांना चालणार नाही, एवढे एकच कारण उरते. पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळावी, असा त्यामागचा युक्तिवाद होता. ती रीत पाळण्याची किंमत मात्र संघटनेतल्या कोणी मोजली नाही. ती मोजली घरी राहिलेल्यांनी.

७/१८
आता रसिकाच्या नजरेने १९२८ ची मालिका पाहू. डर्बनच्या पहिल्या कसोटीत ऑल ब्लॅक्स ०-१७ असे हरले. बेनी ऑस्लरने एकट्याने १४ गुण केले. पराभवाचे मोठे कारण तांत्रिक होते. न्यूझीलंडच्या स्क्रममध्ये सात जण असत आणि पुढच्या रांगेत दोघेच. यजमान आठ जणांनिशी रेटत आणि त्यांच्या पुढच्या रांगेत तिघे असत. त्यामुळे चेंडू यजमानांच्या हाती अधिक येई. शिवाय मार्क निकोल्स हा अनुभवी खेळाडू आणि उपकर्णधार पहिल्या तीनही कसोटींत बाहेरच बसला. केप टाउनच्या चौथ्या कसोटीत त्याला घेतले, त्याच्या लाथांनी गुण मिळवून दिले, संघ १३-५ असा जिंकला आणि मालिका २-२ अशी सुटली.

८/१८
येथे थोडे थांबू. 'निकोल्सला आधीच का खेळवले नाही?' आणि 'नेपियाला का नेले नाही?' हे प्रश्न वरवर पाहता एकाच जातीचे वाटतात. दोन्ही निवडीबद्दलचेच. पण पहिला प्रश्न न्यायनिवाड्याचा आहे : निवडणाऱ्यांनी पारख केली आणि ती बहुधा फसली. दुसऱ्या प्रश्नात पारख झालीच नाही. नाव तराजूत टाकण्यापूर्वीच बाजूला काढले गेले. पहिल्या प्रकारची चूक सामन्यागणिक सुधारता येते, कारण ती दिसते. दुसऱ्या प्रकारचा अन्याय यादीतून कळत नाही, कारण यादीत जे नसते त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणतीही यादी वाचताना हे ध्यानात ठेवावे. मग ती संघाची असो, दरबाराची असो की कार्यालयाची.

९/१८
मध्ये दुसरे महायुद्ध आले. न्यूझीलंडची २८ वी माओरी बटालियन ग्रीस, क्रीट, उत्तर आफ्रिका आणि इटलीत लढली. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही त्याच इटलीच्या डोंगरांत लढत होते. युद्ध संपून तीन वर्षे होतात न होतात तोच बातमी आली : १९४९ चा दक्षिण आफ्रिका दौरा माओरींविना होणार. आता विरोध करणाऱ्यांत मेजर जनरल हॉवर्ड किपेनबर्गर होते. माओरी सैनिक त्यांच्या हाताखाली लढले होते, आणि माजी सैनिकांच्या संघटनेचे ते अध्यक्ष होते. रणांगणावर जे चालतात ते मैदानावर का चालत नाहीत, असा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. युनियनने निर्णय बदलला नाही. दौरा ठरल्याप्रमाणे निघाला.

१०/१८
१९४९ ची मालिका ऑल ब्लॅक्स ०-४ अशी हरले. पहिल्या कसोटीत ओकी गेफिनने पाच पेनल्टी मारल्या. यजमानांचे सर्वच्या सर्व १५ गुण त्याच्या पायातून आले, तर न्यूझीलंडचे झाले ११. तेव्हा पंच यजमान देशाचेच असत, त्यामुळे पेनल्टींवरून मायदेशी बरेच रान उठले. दुसरी तक्रार निवडीची होती. हाफबॅकच्या जागेवर संघ कमकुवत होता, आणि त्या जागेचा कसलेला खेळाडू व्हिन्स बेव्हन माओरी वंशाचा असल्याने घरी होता. प्रतिभावान जॉनी स्मिथही घरीच होता. 'हे दोघे असते तर?' हा प्रश्न त्या पिढीच्या रसिकांनी आयुष्यभर जपला.

११/१८
या प्रश्नाची एक परीक्षा त्याच वर्षी झाली. ३ सप्टेंबर १९४९ रोजी न्यूझीलंड एकाच दिवशी दोन देशांत दोन कसोटी खेळले. डर्बनमध्ये दक्षिण आफ्रिकेकडून ३-९ असे हरले. वेलिंग्टनमध्ये, मागे राहिलेल्यांतून उभ्या केलेल्या दुसऱ्या संघाला ऑस्ट्रेलियाने ११-६ असे हरवले. या दुसऱ्या संघाचा कर्णधार होता जॉनी स्मिथ! देशाच्या एका संघाचे नेतृत्व करण्यास जो लायक होता, तो त्याच देशाच्या दुसऱ्या संघात साधा खेळाडू म्हणूनही चालत नव्हता. त्या वर्षी न्यूझीलंडने सहा कसोटी खेळल्या आणि सहाही गमावल्या.

१२/१८
मग 'माओरी असते तर जिंकलो असतो' हे सिद्ध होते का? नाही. स्मिथ आणि बेव्हन असलेला संघही हरला. त्यावरून उलट निष्कर्षही निघत नाही, कारण देशातले बहुतेक उत्तम फॉरवर्ड तेव्हा आफ्रिकेत होते. 'असे झाले असते तर' या प्रश्नाला पुरावा इथपर्यंतच साथ देतो. पण मुख्य अडचण वेगळीच आहे. वगळणे चूक होते कारण त्यामुळे आपण हरलो, असे म्हणणाऱ्याला एक दिवस कबूल करावे लागेल की जिंकलो असतो तर ते चालले असते. रसिकांच्या पुढच्या पिढीला ही अडचण उमगली, आणि वादाचा पायाच बदलला.

१३/१८
१९५६ मध्ये स्प्रिंगबॉक न्यूझीलंडला आले आणि ऑल ब्लॅक्सनी मालिका ३-१ अशी जिंकली. पॅट वॉल्श हा माओरी खेळाडू त्या मालिकेत खेळला. १९६० च्या परतीच्या दौऱ्यासाठी मात्र त्याचा विचारही होणार नव्हता. या वेळी लोक गप्प बसले नाहीत. 'माओरी नाहीत तर दौरा नाही' ही घोषणा देशभर घुमली आणि दीड लाखाहून अधिक नागरिकांनी निवेदनावर सह्या केल्या. त्यात रग्बीवर जीव टाकणारेही होते. वॉल्टर नॅश यांच्या सरकारने हस्तक्षेप केला नाही. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांनी ६९ निदर्शकांना गोळ्या घालून मारले. त्यानंतर काही आठवड्यांतच संघ रवाना झाला. मालिका गमावली : एक विजय, दोन पराभव, एक बरोबरी.

१४/१८
१९६५ मध्ये स्प्रिंगबॉक न्यूझीलंडमध्ये असतानाच त्यांचे पंतप्रधान हेंड्रिक फर्वूर्ट यांनी पुढील दौऱ्यातही माओरी चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. आता न्यूझीलंडच्या युनियनने १९६७ चा दौरा रद्द केला. १९७० मध्ये दक्षिण आफ्रिकेने एक पळवाट शोधली : संघातील माओरी आणि सामोअन वंशाच्या खेळाडूंना 'मानद गोरे' मानले जाईल! सिड गोइंग, बफ मिल्नर, ब्लेअर फरलाँग आणि एकोणीस वर्षांचा ब्रायन विल्यम्स असे चौघे गेले. विल्यम्सच्या धावांवर कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी जीव ओवाळला. ते प्रेक्षक त्या वेळी मैदानाच्या वेगळ्या, कुंपण घातलेल्या भागात कोंबलेले होते. मालिकेचा निकाल : १-३ असा पराभव.

१५/१८
'माओरी नाहीत तर दौरा नाही' या घोषणेची मर्यादा येथे उघडी पडली. तिची मागणी पूर्ण झाली होती, माओरी संघात होते. पण समोरच्या स्प्रिंगबॉक संघात त्या देशाच्या बहुसंख्य जनतेपैकी कोणीच असू शकत नव्हते. आपली यादी स्वच्छ झाली म्हणून सामना स्वच्छ झाला काय? १९६९ मध्ये स्थापन झालेल्या 'हार्ट' या संघटनेने प्रश्न पुढे नेला : वर्णभेद असेपर्यंत खेळच नको. जगातही वारे फिरत होते. १९७३ चा स्प्रिंगबॉक दौरा पंतप्रधान नॉर्मन कर्क यांनी थांबवला. १९७४ मध्ये भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका होता, आणि भारताने खेळण्यास नकार दिला. चषक गेला. अमृतराज बंधूंच्या पिढीचा तो मोठा त्याग होता.

१६/१८
१९७६ मध्ये सोवेटोत विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर लगेच ऑल ब्लॅक्स तेथे खेळायला गेले. निषेध म्हणून वीसहून अधिक देशांनी, त्यांतही मुख्यतः आफ्रिकी देशांनी, माँट्रियल ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकला. १९८१ मध्ये स्प्रिंगबॉक न्यूझीलंडला आले आणि देश दुभंगला. २८ ठिकाणी २०० हून अधिक निदर्शने झाली आणि त्यांत दीड लाखाहून अधिक लोक उतरले. हॅमिल्टनचा सामना निदर्शक मैदानात घुसल्याने रद्द करावा लागला. ऑकलंडच्या अखेरच्या कसोटीत छोट्या विमानातून पिठाच्या पिशव्या टाकल्या गेल्या, त्यातली एक लागून गॅरी नाइट कोसळला. अ‍ॅलन ह्यूसनने अगदी शेवटी मारलेल्या पेनल्टीने यजमान २५-२२ असे जिंकले आणि मालिका २-१ अशी मिळाली. बापलेकांत, मित्रांत पडलेली फूट मात्र त्या लाथेने सांधली नाही.

१७/१८
या मालिकेत एक नाव यादीत नव्हते आणि कोणीही त्याला वगळले नव्हते : कर्णधार ग्रॅहम मूरी. त्याने स्वतःहून खेळण्यास नकार दिला. ब्रूस रॉबर्टसननेही तेच केले. १९२८ मध्ये यादीतून नाव काढण्याचा अधिकार फक्त संघटनेकडे होता. १९८१ मध्ये खेळाडूने तो स्वतःच्या हाती घेतला. १९८६ मध्ये बहुतेक आघाडीचे खेळाडू 'कॅव्हलियर्स' नावाने अनधिकृत दौऱ्यावर गेले, तेव्हा डेव्हिड कर्क आणि जॉन कर्वन गेले नाहीत. गेलेल्यांना दोन कसोटींची बंदी झाली. नवख्या संघाने कर्कच्या नेतृत्वाखाली फ्रान्सला हरवले, आणि १९८७ चा पहिला विश्वचषक उंचावणारा कर्णधारही कर्कच होता.

१८/१८
आता निकालांची वही शेवटची एकदा उघडू. दक्षिण आफ्रिकेत माओरींविना : १९२८ ला बरोबरी, १९४९ आणि १९६० ला पराभव. माओरींसह : १९७० आणि १९७६ ला पराभव. तेथील पहिला मालिकाविजय मिळाला थेट १९९६ मध्ये, वर्णभेदी राजवट संपल्यावर. म्हणजे माओरी संघात आले आणि विजय मिळाला, असे समीकरण ही वही देत नाही, आणि त्याची गरजही नाही. विल्सन, नेपिया, मिल, स्मिथ, बेव्हन आणि वॉल्श यांचा दावा विजयाच्या हमीवर उभा नव्हता. आपले नाव इतरांच्या नावासारखेच तराजूत पडावे, एवढाच तो होता.

मे २०१० मध्ये न्यूझीलंडच्या युनियनने वगळलेल्या माओरी खेळाडूंची जाहीर माफी मागितली. दक्षिण आफ्रिकेच्या संघटनेनेही मागितली. नेपिया १९८६ मध्येच वारला होता, तेव्हा त्याच्यापुरती ती माफी चोवीस वर्षे उशिरा आली.

२०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑल ब्लॅक्स दक्षिण आफ्रिकेकडून ११-१२ असे एका गुणाने हरले. विजयी कर्णधार होता सिया कोलिसी. फर्वूर्ट यांच्या देशात त्याला स्प्रिंगबॉकचा पोशाख अंगावर घालता आला नसता. त्या रात्री न्यूझीलंडमध्ये घरोघरी पुन्हा निवड समित्या बसल्या असतील : कोणाला आधी उतरवायला हवे होते, कोणती लाथ चुकली. अशा वेळी एका गुणाच्या पराभवावर रसिकाने मनसोक्त भांडावे. देशातला प्रत्येक खेळाडू यादीसाठी मोकळा असला, तरच त्या भांडणात गंमत असते.